भिंतीतल्या गांधीलमाश्या

मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या घरी पत्र्याखाली गांधीलमाश्यांनी घर केलं. घरधनी रॉकेलची बाटली आणि काडेपेटी घेऊन अंगणात आला, तशी मी माझ्या ओट्यावरून उठले आणि त्याचा हात धरला. माझं वय बघून तो थांबला. मग मी त्याला आणि त्याच्या घरच्यांना खाली बसवलं आणि चाळीस वर्षांपूर्वीची माझी गोष्ट सांगितली. ऐकून झाल्यावर त्याची सून म्हणाली, बाई, हे लिहून ठेवा, कुणाच्या तरी उपयोगाला येईल. शाळेत आयुष्य गेलं, त्यामुळं गावात मला सगळे बाईच म्हणतात. सुनेचं म्हणणं पटलं म्हणून लिहायला बसले.

ते साल

आमचं गाव लोहाऱ्यापासून जवळच. मी गावच्या शाळेत दुसरीचा वर्ग घ्यायची. आमचे हे, म्हणजे माझे मालक प्रल्हाद, गावच्या सहकारी दूध संस्थेत दूध मापायचं आणि तपासायचं काम करायचे. घरात आम्ही दोघं, चार वर्षांची सुनंदा आणि सासूबाई. सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात.

पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. आमच्या वस्तीची विहीर तळाला गेली होती आणि एक दिवसाआड टँकर यायचा. आत्या म्हणायच्या की बहात्तरच्या दुष्काळापुढं हे काहीच नाही, तेव्हा खडी फोडताना सुकडी खाऊन दिवस काढले. असं असूनही आज ते साल आठवलं की आधी दुष्काळ आठवत नाही. सकाळची डेअरी आठवते. ॲल्युमिनियमच्या कॅनची झाकणं वाजायची. बाया चरव्या घेऊन ओळीत उभ्या राहायच्या. चारा नसल्यामुळं दूध एवढंएवढं यायचं, पण ओळ तेवढीच लांब असायची, कारण बोलायला तीच एक जागा होती. हे माप डोळ्यासमोर धरून बघायचे आणि सुनंदा त्यांच्या पायाशी बसून झाकणं लावायची. शाळेत जाताना मी तिकडून जायची. हे मान वर करायचे नाहीत, पण मी गेलेली त्यांना कळायची.

गांधीलमाश्या आमच्याकडं पाण्यासाठी यायला लागल्या. तांबूस रंगाच्या, पोटावर पिवळा पट्टा असलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या. नदी आटलेली, विहीर आटलेली, शिवारात ओल म्हणून उरली नव्हती. आमच्या न्हाणीजवळ रांजण होता, तो खालून झिरपायचा. त्या ओल्या मातीवर त्या बसायच्या, पाणी प्यायच्या आणि जायच्या. काही दिवसांनी लक्षात आलं की त्या लांब जात नाहीत. घराच्या दगडमातीच्या भिंतीत मागच्या अंगाला एक फट होती, तिच्यात शिरत होत्या.

मी आत्यांना विचारलं, यांचं काय करायचं. त्या निवडत असलेल्या ज्वारीतून मान वर न करता म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. त्येंला बी तहान हाय. थंडी पडली की आपसूक जातील."

त्यांचं ऐकलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती.

रविवारची दुपार

एका शनिवारी सुनंदाच्या डाव्या पापणीवर माशी चावली. डोळा सुजून पार मिटला. पोर रात्रभर रडली आणि हे तिला खांद्यावर घेऊन अंगणात फिरत राहिले. सकाळी मला म्हणाले, आज या माश्यांचा निकाल लावतो. मी म्हणाले, घाई करू नका, कुणा जाणत्या माणसाला विचारू. ते बरं म्हणाले.

दुपारी टँकर येणार होता, म्हणून मी रांजण घासायला वाकले होते. आत्या उंबऱ्यात बसल्या होत्या. सुनंदा आत झोपली होती. हे घराच्या मागं गेले. मला सांगितलं तर मी अडवीन म्हणून सांगितलं नाही. त्यांनी फटीत रॉकेल ओतलं आणि काडी लावली.

त्या पोळ्याला दुसरंही एक तोंड होतं. ते रांजणाच्या मागं, माझ्या खांद्याच्या उंचीवर होतं आणि आमच्यातल्या कुणाच्याच नजरेत कधी आलं नव्हतं.

आधी भिंत घुमायला लागली. गिरणी सुरू झाल्यावर जमीन घुमते तशी. मी मान वर केली आणि तोंडावर कुणी निखारे फेकावेत तसं झालं. मधमाशी एकदा डंख मारते आणि तिची नांगी आपल्या अंगात राहते. गांधीलमाशीचं तसं नसतं, एकच माशी पुन्हा पुन्हा मारते. मी हात झाडत राहिले, आणि जितकं झाडलं तितक्या त्या चवताळल्या. पळायचं सुचलंच नाही. आत्यांनी घोंगडं आणून माझ्यावर टाकलं, मला घोंगड्यासकट ओढत घरात नेलं आणि दार लावलं. त्यांच्या स्वतःच्या हातांवर, मानेवर आठदहा डंख होते. ते त्यांनी संध्याकाळपर्यंत कुणाला दाखवले नाहीत.

हे मागून धावत आले तेव्हा त्यांच्या भुवया करपलेल्या होत्या.

लाज

कुणी चुना लावला, कुणी कांदा चोळला, कुणी लोखंड घासलं. मग बैलगाडीतून लोहाऱ्याला नेलं. तिथं डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. कंपाउंडर पाठीवरचे आणि डोक्यातले डंख मोजत होता, सत्तरपर्यंत मोजून त्यानं नाद सोडला. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, तिसऱ्या दिवशी सूजही ओसरायला लागली. वस्तीतल्या बाया बघायला आल्या आणि म्हणाल्या, वाचलीस.

त्याच तिसऱ्या दिवशी माझी लघवी कोऱ्या चहासारखी झाली. मग ती कमी होत गेली आणि चौथ्या दिवशी जवळजवळ बंदच झाली. पाय जड झाले, मळमळायला लागलं.

मी कुणालाही सांगितलं नाही. शिकलेली होते, शिक्षिका होते, पण लघवीचा रंग कुणाला कसा सांगायचा याची लाज वाटली. हे मी मुद्दाम उघड लिहिते आहे, कारण माश्यांनी जे अर्धं केलं होतं ते माझ्या लाजेनं पुरं केलं असतं.

शेवटी आत्यांनीच ओळखलं. माझं तोंड सुजलेलं बघून त्या न्हाणीपर्यंत माझ्यामागं आल्या आणि स्वतः बघितलं.  डोक्यावर पदर घेऊन तडक डेअरीकडं निघाल्या. बायांची ओळ बाहेर असायची, आत पुरुषांची बैठक, म्हणून त्या कधी पायरी चढल्या नव्हत्या. त्या दिवशी चढल्या आणि चारचौघांत, जे बघितलं ते जसंच्या तसं सांगितलं.

सकाळचं दूध टेम्पोत चढवून झालं होतं. तो टेम्पो शीतकरण केंद्राकडं निघायच्या बेतात होता. संस्थेचे चेअरमन गावातले मोठे शेतकरी होते, आमच्या वस्तीकडं त्यांचं येणंजाणं फारसं नव्हतं. त्यांनी आत्यांचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "दूध उतरवा. नासलं तर नासू द्या. बाईला सोलापूरला न्या."

त्या दुष्काळात दूध नासू द्या म्हणणं काय होतं ते आज सांगून कळणार नाही. कॅन उतरवले, ज्यानं त्यानं आपल्या मापाचं दूध घरी नेऊन तापवलं, आणि रिकाम्या टेम्पोत गोधडी टाकून मला निजवलं. सुनंदाला शेजारणीकडं ठेवून हेही टेम्पोत चढले. सोलापूर येईपर्यंत आत्यांनी माझं डोकं मांडीवर धरलं होतं. दुधाचा वास आला की आजही मला ती गोधडी आठवते.

दवाखाना

सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी रक्त तपासलं आणि आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं की माश्यांच्या विषानं माझी मूत्रपिंडं बंद पडली आहेत. मी विचारलं, मग मी मरणार का. ते म्हणाले, "मूत्रपिंडं मेलेली नाहीत, थांबली आहेत. ती चालू होईपर्यंत तुम्हाला टिकवायचं आहे." किती दिवस, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. दोन आठवडे, तीन आठवडे. मी त्या सगळ्यातला 'टिकवायचं' एवढाच शब्द घट्ट धरला.

मीठ बंद, डाळ बंद, फळं बंद. आणि पाणी दिवसाला दोन कप. शरीरातून बाहेर जात नव्हतं म्हणून आत घेता येत नव्हतं. माझ्या खाटेसमोर व्हरांड्यात नळ होता. तो नीट बंद व्हायचा नाही, दिवसभर गळायचा. आमच्या गावात एका घागरीसाठी बाया टँकरमागं पळत होत्या, आणि इथं मी त्या धारेकडं बघत कोरड्या जिभेनं पडून होते.

शेजारच्या खाटेवर गंगव्वा नावाची अक्कलकोटकडची म्हातारी होती. तिच्या मराठीत निम्मं कानडी असायचं. ती पाणी प्यायची तेव्हा माझ्याकडं पाठ करायची. मी म्हणाले, तसं नका करू, प्या खुशाल. तर म्हणाली, "नीर नाही तुला, अन तुझ्यासमोर पिऊ म्हणतीस?" वॉर्डाच्या थोरल्या सिस्टर कडक होत्या, पण दुपारी त्या ओल्या कापडात बर्फाचा एक खडा बांधून आणायच्या आणि माझ्या ओठांना लावायला द्यायच्या. दोन कपांतून तेवढं पाणी त्या इमानानं वजा करायच्या. तो खडा मी तास तासभर पुरवायची.

सहाव्या दिवशी मला भ्रम व्हायला लागला, तेव्हा पोटात नळी घातली. त्या नळीतून पाणी पोटात सोडायचं, थोडा वेळ ठेवायचं आणि बाहेर काढायचं, म्हणजे रक्तातलं विष त्याच्याबरोबर निघतं. दोन दिवस न हलता पडून राहावं लागलं. दुखत होतं, पण दुखण्यापेक्षा भीती मोठी होती. मला मरणाचा विचार तसा आला नाही. सुनंदाची वेणी कोण घालणार, हा एकच विचार सारखा यायचा. आत्यांच्या बोटांना वेणी जमायची नाही, आणि यांना तर भांगच पाडता यायचा नाही.

न बोललेलं

माझे थोरले भाऊ, दादा, तुळजापूर डेपोत एसटीचे कंडक्टर होते. बातमी कळली तसे ड्युटी बदलून आले. त्यांनी विचारलं, झालं कसं. कुणी काही बोलायच्या आत आत्या म्हणाल्या, पाणी घ्यायला गेली आणि तिचा धक्का लागला पोळ्याला. दादांनी यांच्याकडं बघितलं. करपलेल्या भुवया अजून तशाच होत्या. हे खाली फरशीकडं बघत राहिले.

आत्या आणि हे बाहेर गेल्यावर दादांनी मला हळूच विचारलं, खरं काय ते सांग, मी तुला तेरला घेऊन जातो. तेर माझं माहेर. मी म्हणाले, धक्का लागला माझाच.

हे मी चांगुलपणानं केलं असं कुणी समजू नये. सुनंदाला बाप हवा होता आणि दादांचा राग मला माहीत होता. मनातून मी यांच्यावर इतकी चिडले होते की पुढं दहा-बारा दिवस एक शब्द बोलले नाही. त्यांनी आग लावली याचा राग होताच. पण विचारल्यावर ते गप्प बसले, याचा जास्त होता. ते खोटं बोलले नाहीत, फक्त तोंड उघडलं नाही. त्या खाटेवरून मला दोन्हीत फरक दिसत नव्हता.

हे एक दिवसाआड यायचे. सकाळचं दूध मापून एसटीनं निघायचे आणि दुपारी माझ्या खाटेशी येऊन बसायचे. मी भिंतीकडं तोंड करायची.  आले की माझी लघवीची बाटली सिस्टरांकडं न्यायचं काम ते करायचे. ते काम आयाचं होतं, पण यांनी ते कुणाला करू दिलं नाही. दुधाचं माप बघावं तशी ती बाटली डोळ्यासमोर धरून बघायचे. दोन चमचे. तीन चमचे. काही दिवशी कोरडीच.

चौदाव्या दिवशी बाटलीत वाटीभर लघवी होती. रंगही उतरला होता. यांनी ती उजेडाला धरली, पुन्हा धरली, आणि सिस्टरांकडं न्यायच्या आधी गंगव्वाला दाखवायला गेले. त्या म्हातारीनं हात जोडले. वॉर्डातल्या बाया उठून बसल्या. आयुष्यात एवढ्या लोकांनी माझं दुसऱ्या कशासाठी कौतुक केल्याचं आठवत नाही.

हे परत येऊन बसले. मी त्यांच्याकडं तोंड वळवलं आणि विचारलं, "सुनंदाचा डोळा उघडला का?"

 ते म्हणाले, "तुला इथं आणलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी उघडला होता, कौसल्या."

त्यांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यापुढं त्या दुपारबद्दल ते मला काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

घर

सव्वीस दिवसांनी मी घरी आले. त्या दिवशी डॉक्टरांनी पाणी मोकळं केलं होतं. लोहाऱ्याच्या स्टँडवर एसटीतून उतरल्यावर मी दोन तांबे पाणी उभ्यानं प्याले. आत्या मला थांबवत होत्या आणि हसत होत्या.

भिंतीतल्या माश्या तशाच होत्या. एवढी आग लावूनही पोळं मेलं नव्हतं. पण आत्यांनी रांजण पुढच्या दाराशी हलवला होता, त्याच्यावर झाकण घातलं होतं, मागच्या अंगाला काट्या टाकून वाट बंद केली होती आणि सुनंदाला तिकडं न जायची सवय लावली होती. आम्ही त्यांच्या वाटेला गेलो नाही, त्याही आमच्या आल्या नाहीत. कडाक्याची थंडी पडली तशा त्या संपल्या. पोळं रिकामं झाल्याची खात्री करून यांनी दोन्ही तोंडं दगडमातीनं बुजवली.

तेव्हापासून यांना तो एक नादच लागला. जाणत्या लोकांना विचारून, स्वतः बघून त्यांनी माश्यांची सगळी रीत शिकून घेतली. उन्हाळ्याच्या तोंडाला एकटी माशी जागा शोधत फिरते, त्याच्या आधीच भिंतीच्या फटी बुजवायच्या. पोळं भरलेलं असताना फट कधीही बुजवायची नाही, त्या दुसरीकडून वाट काढतात आणि ती वाट घरात निघू शकते. आग नाही, दगड नाही, काठी नाही. पाणी झाकायचं, येण्याजाण्याची वाट बदलायची आणि थंडीपर्यंत थांबायचं. थांबणं शक्यच नसेल तर अंगभर जाड कपडे असलेला, माहितीचा माणूस बोलवायचा आणि पोरांना, जनावरांना आधी लांब न्यायचं. माश्या उठल्याच तर हात झाडत उभं राहायचं नाही, तोंड झाकून घरात पळायचं.

त्यात माझ्याकडून एवढंच जोडते. एक डंख बसला तरी श्वास कोंडला, चक्कर आली, अंगभर गांधी उठल्या तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. डंख पुष्कळ असतील तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरला दाखवा, आणि पुढं आठवडाभर लघवीकडं लक्ष ठेवा. रंग बदलला, कमी झाली, तर ज्याला सांगता येईल त्याला सांगा. लाजू नका.

आसपासच्या गावांतून यांना बोलावणी यायची. माशी दिसली की लोक म्हणायचे, प्रल्हादरावांना बघू द्या. हे सायकल काढायचे, नंतर मोपेड. त्यासाठी त्यांनी कधी काही घेतलं नाही. पस्तीस वर्षं हे चाललं.

तीन वर्षांपूर्वी हे गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विहारात पुष्कळ माणसं आली होती, त्यातली कितीतरी मला अनोळखी. वंदना झाल्यावर पलीकडच्या गावची एक बाई माझ्याजवळ येऊन बसली. तिच्या घरी वीसेक वर्षांपूर्वी चुलीमागच्या भिंतीत पोळं झालं होतं. तिचा नवरा ते जाळायला निघाला होता, तेव्हा कुणीतरी यांना बोलावून आणलं.

"तुमच्या मालकानं पोळं मागनं बगितलं," ती म्हणाली. "आदी दारात उबं ऱ्हायलं, आन आमाला समद्यांला म्हनलं, 'म्या भर दुपारी काडी लावली, आन माजी बायकू मरता मरता वाचली. वर तिनं माजं नाव बी झाकलं. तुमी असं करू नका.' लई येळ डोळं पुसत हुतं. मंग आमच्या मालकानं काडेपेटी खाली ठिवली."

समोर बसलेला एक म्हातारा शेतकरी म्हणाला की त्याच्या घरीही हेच सांगितलं होतं. मागून आणखी एक बाई म्हणाली, आमच्याही. दादा माझ्या शेजारीच बसले होते, ऐंशीच्या घरातले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

घरातून निघताना हे मला एवढंच म्हणायचे, जरा बघून येतो. मी कधी विचारलं नाही की तिथं जाऊन काय बघता, काय सांगता. परत आले की डोळे लाल असायचे. मला वाटायचं, वाटेतली धूळ. मी चहा टाकायची.